दिव्याखाली वायर

बाहेरच्या भिंतीवर लावायच्या दिव्यांचे फोटो एकदा नीट बघावेत. भिंत असते. भिंतीवर काळा, चौकोनी, पैसेवाला दिसणारा दिवा असतो. त्यातून उजेडाचा एक त्रिकोण वर आणि एक खाली पडलेला असतो. शेजारी कुंडीत एखादं शिस्तीत वाढलेलं झाड असतं. वायर नसते. कुठल्याच फोटोत नसते. दिवा भिंतीतूनच उगवलाय आणि वीज त्याच्यापर्यंत निव्वळ श्रद्धेने पोचते, असा त्या फोटोंचा एकूण सूर.

असे फोटो आमच्याकडे डोंबिवलीहून येत. पाठवणारे आमचे चुलतबंधू. रत्नागिरीपासून तासाभरावरच्या आमच्या वाडीत त्यांनी जुनं घर उतरवून त्याच जोत्यावर नवं बांधायला काढलं होतं, आणि मी वाडीतच राहतो एवढ्या एका पात्रतेवर देखरेखीचं खातं माझ्याकडे आलं होतं. नव्या घरात राहणार काकू, म्हणजे त्यांच्या मातोश्री. ते स्वतः येणार गणपतीला आणि मे महिन्यात. म्हणजे दिवे निवडणार एक, लावणार-मालवणार दुसरं, आणि ते लागले नाहीत तर फोन येणार तिसऱ्याला. आपल्याकडे बहुतेक सार्वजनिक कामांची वाटणी अशीच असते. इथे ती घरगुती पातळीवर आणली होती एवढंच.

घर चिऱ्याचं. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कडक होतो. पूर्वी आमच्याकडे ज्याच्यापाशी पैसे नसत तो चिरा उघडा ठेवी. पैसे आले की गिलावा करी, वर पिवळा नाहीतर पोपटी रंग मारी, आणि वाडीला कळे की याचा मुलगा मुंबईत चिकटला. आणखी पैसे आले की गिलावा नको, चिरा उघडाच हवा, हा शोध अलीकडचा. चुलतबंधूंच्या आर्किटेक्टने तो आमच्या वाडीत आणला. दोन चिऱ्यांमधल्या दर्जा रेखीव भरायच्या, वरून पारदर्शक लेप द्यायचा, आणि त्या लालसर भिंतीवर संध्याकाळी तो वर-खाली उजेड टाकायचा. वाडीतल्या लोकांनी भिंत बघितली आणि पैसे संपले असावेत असा समज करून घेतला. काहींनी तर काकूंकडे हळूच चौकशीही केली.

उघड्या चिऱ्याची सगळ्यात मोठी अडचण अशी की त्यात खोटं बोलता येत नाही. गिलाव्याच्या भिंतीत गाळा मारायचा, त्यात पाइप बसवायचा, सिमेंट भरायचं, रंग मारायचा, की झालं. आत काय गाडलंय ते गवंड्याला आणि वायरमनला ठाऊक, आणि पुढे खिळा ठोकताना घरमालकाला. उघड्या चिऱ्यात गाळा मारला की तो जन्मभर दिसणार. म्हणून बाहेरच्या दिव्यांच्या वायरींचा विचार चिरे रचतानाच करायचा असतो. पण चिरे रचत होते तेव्हा डोंबिवलीहून टाइल्सचे फोटो येत होते. दिव्यांचे फोटो सुरू झाले ते कौलं चढल्यावर.

नकाशात मात्र सगळी सोय होती. बाहेरच्या भिंतीवर आठ ठिकाणी गोलात फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीपासून आतल्या बटणांपर्यंत एक सुरेख तुटक कमान काढली होती. त्यातली एक कमान खिडकीच्या काचेतून, जिन्याच्या पायऱ्यांतून आणि खळ्यातल्या तुळशीवृंदावनावरून जात होती. नकाशावर तिला काही अडचण आली नव्हती.

आता वायरमन. श्रावण लागला की कोकणात वायरमनला मंत्र्यापेक्षा जास्त मागणी असते, कारण बंद पडलेला प्रत्येक पंखा आणि उडालेला प्रत्येक दिवा गणपतीच्या आत सुरू व्हायचा असतो. आमचा वायरमन तरुण, सडपातळ, खिशाला टेस्टर, कमरेला पक्कड, आणि तोंडात दोनच शब्दप्रयोग. काम कितीही अवघड असलं तरी "काय नाय होत." आणि काम कितीही सोपं असलं तरी "बगूया." त्याने घराला एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं, चिऱ्यावर बोटाच्या मागच्या बाजूने टकटक केलं आणि विचारलं, "वायर कुठून आणायची?"

हा प्रश्न त्याने खरं तर स्वतःलाच विचारला होता. पण उत्तरं सगळ्यांकडे होती.

गवंडी म्हणाला, कुठूनही आणा, माझ्या दर्जा फोडायच्या नाहीत. पेंटर म्हणाला, माझा लेप झालेला आहे, त्यावर एक ओरखडा आला तरी अख्खी भिंत परत करावी लागेल आणि त्याचे पैसे वेगळे. सुतार म्हणाला, चौकटीच्या बाजूने नेऊ नका, चौकट शिवणीची आहे. प्लंबर तिथे का होता हे कुणाला कळलं नाही, पण त्यानेही पन्हाळीच्या पाइपला हात लावायचा नाही असं बजावलं. शेजारचे आप्पा कुंपणापलीकडून म्हणाले की त्यांच्या बाजूच्या भिंतीवरचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर येता कामा नये, पण त्यांच्या पायवाटेवर आला तर चालेल. व्हिडिओ कॉलवरून डोंबिवली म्हणाली, "काहीही करा, पण वायर दिसता कामा नये." आणि काकू म्हणाल्या, "ते दिवे राहू देत. बाहेर ओट्यावर एक साधा प्लग पॉइंट काढा." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण प्लग पॉइंटचा फोटो कुणी पाठवला नव्हता.

एक मार्ग होता बाहेरून पाइप टाकण्याचा. पांढरा पीव्हीसी पाइप, हातभर अंतरावर सॅडल, सॅडलला दोन-दोन स्क्रू. स्वस्त, सरळ, आणि पुढे काही बिघडलं तर दुरुस्तीला सोपा. माझं मत विचाराल तर प्रामाणिक माणसाने हाच मार्ग घ्यावा. पण साधा पाइप उन्हात काही वर्षांत पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, आणि एखाद्या मे महिन्यात पडलेला आंबा त्याचा निकाल लावतो. शिवाय तो दिसतो. पेंटर म्हणाला, जांभ्याच्या रंगाने रंगवून देतो. पण जांभ्याचा रंग डब्यात मिळत नाही. डब्यात मिळतो तो शाळेच्या व्हरांड्याचा लाल. नमुन्यादाखल त्याने वीतभर तुकडा रंगवून भिंतीला लावून दाखवला. तोवर जवळूनच दिसणारा पाइप त्यानंतर रस्त्यावरून दिसायला लागला.

दुसरा मार्ग माळ्यावरून. वाशांच्या कडेने वायर न्यायची आणि कौलांच्या पागोळीपाशी खाली सोडायची. यावर वायरमनने काही न बोलता पिशवीतून जुन्या घरातून काढलेला वायरीचा एक तुकडा बाहेर काढला आणि ओट्यावर ठेवला. त्यावर दातांचे बारीक, व्यवस्थित ठसे होते आणि मधेच तांबं चमकत होतं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यात त्याचा दोष नाही, वायरीचाही नाही. पण माळ्यावर त्या दोघांची गाठ घालून देणाऱ्याचा नक्कीच आहे. कोर्टात पुरावा मांडावा तसा तो तुकडा बराच वेळ ओट्यावर राहिला आणि माळ्याचा विषय संपला.

उरला तिसरा मार्ग. वायर घराच्या आतून न्यायची, कारण आतल्या बाजूला गिलावा होताच, आणि जिथे दिवा तिथे बरोबर त्याच्या पाठीमागून भिंतीला आरपार भोक पाडायचं. दिव्याने भोक झाकलं जातं, भोकाने वायर, आणि डोंबिवलीला फोटोतला दिवा मिळतो. ऐकायला अगदी सरळ. फक्त भोक पाडायचं जांभ्याच्या भिंतीतून.

जांभ्यात ड्रिल मारताना पहिलं बोटभर बीट असं आत जातं की आपल्याला हे काम आधीच का सुचलं नाही असं वाटावं. मग एकदम टणक गाठ लागते. ड्रिल किंचाळतं, बीट थरथरतं, लाल धूळ वायरमनच्या भुवयांवर बसते. गाठ फुटते तोच मागे पोकळी निघते आणि ड्रिल मुठीपर्यंत आत जाऊन भिंतीला आपटतं. पोकळीतून बाहेर येताना बीटने दिशा बदललेली असते. अशा रीतीने बाहेर खिडकीपासून दोन फुटांवर सुरू झालेलं भोक आत खिडकीपासून किती अंतरावर निघेल, हे ते निघाल्यावरच कळतं. त्यातून पाऊस सुरू होता. वायरमनबरोबरच्या पोराच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात एक्स्टेन्शन बोर्ड होता. छत्री बोर्डावर होती. पोरगा भिजत होता. हे बघून मी तडक मेन स्विच बंद केला आणि सगळ्यांना चहाला बोलावलं. पाऊस थांबेपर्यंत चहा चालू राहिला, म्हणजे जवळजवळ संध्याकाळपर्यंत.

पुढच्या उघडिपीत दर्शनी भिंतीवरच्या दिव्याचं भोक पडलं आणि आत जाऊन बघतो तो ते बरोबर गणपतीच्या कोनाड्यात, मखराच्या मधोमध निघालेलं. सगळे गप्प. डोंबिवलीला सांगायचं कुणी? काकूंनी कंबरेत वाकून त्या भोकातून बाहेर बघितलं. पलीकडे अंगण, माड आणि आप्पा दिसत होते. "राहू दे," त्या म्हणाल्या, "मूर्ती पुढे बसली की कुठे दिसतंय." असं त्या भोकाला साक्षात देवाने पाठीशी घातलं.

भोकाच्या बाबतीत वायरमनचा एक नियम मात्र मला फार आवडला. तो भोक सरळ आडवं मारत नाही. बाहेरच्या बाजूने सुरुवात करून बीट किंचित वर धरतो, म्हणजे भोक आतून बाहेर उतरतं होतं. वायरही भोकात थेट घुसवत नाही. आधी ती खाली झोका घेईल एवढी सैल सोडतो आणि मग वर वळवून आत नेतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, "पाण्याला वायरीवरनं चालायची सवय असते. चालत आलं की तळाला थांबून खाली उडी मारतं. वर चढायला त्याला येत नाय." हेच इंग्रजी पुस्तकात आकृती काढून, बाण दाखवून लिहिलेलं असतं. जुन्या घराच्या खळ्यात एक बल्ब टांगलेला असे, वर पत्र्याची टोपी, आणि वायर पडवीच्या आढ्यापासून बांबूपर्यंत ढिली लोंबकळणारी. दिसायला गचाळ. पण तिच्यावरून पाणी कधी बल्बात गेलं नाही, कारण मधल्या लोंबत्या भागातच ते गळून पडे. त्या वायरीचा फोटो काढून कुणी डोंबिवलीला पाठवला नाही, एवढाच तिचा कमीपणा.

नव्या दिव्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : आयपी ६५. यातला ६ धुळीचा. धुळीचा कणही आत जाणार नाही, ही सर्वात वरची श्रेणी. ५ पाण्याचा. त्याची परीक्षा अशी घेतात की जेमतेम ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर या वेगाने दिव्यावर चहूबाजूंनी पाणी मारायचं, निदान तीन मिनिटं. तीन मिनिटं! आमच्याकडे तीन मिनिटांत पाऊस नीट सुरूही होत नाही. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा वरून न पडता समुद्राकडून आडवा येतो. तरीही दिव्याच्या बाजूने हे सांगायला हवं की पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नव्हता. प्रमाणपत्र दिव्याला असतं. तो ज्या भोकावर बसवतात त्याला नसतं.

झालं ते असं. वायरमनने प्रत्येक दिव्याच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटीत सिलिकॉन भरलं आणि खालची फट मुद्दाम उघडी ठेवली. कुठून ना कुठून पाणी आत येणारच, तर त्याला जायला वाट असावी हा त्यामागचा हिशेब. तो गेल्यावर पेंटर आला. त्याला प्रत्येक दिव्याखाली एक काळी रेघ दिसली. कामसू माणूस. त्याने सिलिकॉनची नळी घेतली आणि आठही दिव्यांच्या खालच्या फटी इतक्या सफाईने बुजवल्या की बघत राहावं.

दोन रात्री धो धो पाऊस झाला आणि तिसऱ्या रात्री सगळं घर अंधारात गेलं. मेन वर केला की क्षणभर दिवे लागत आणि खट् करून परत जात. फ्रीज बंद, पंपही बंद. काकूंच्या फ्रीजमध्ये खवलेलं खोबरं होतं आणि त्या खोबऱ्याची त्यांना घरापेक्षा जास्त काळजी वाटत होती. हा खट् आवाज करणारा म्हणजे आरसीसीबी. घरात आलेली वीज फेजच्या वायरीतून जाते आणि न्यूट्रलमधून परत येते. गेली तेवढीच परत आली का एवढंच तो पाहत असतो. तीस मिलिअँपिअर कमी भरली, म्हणजे सात वॅटचा एक बारका दिवा खाईल साधारण तेवढी, तर ती कुणाच्या तरी अंगातून नाहीतर ओल्या भिंतीतून जमिनीत जातेय असं समजून तो सगळंच तोडतो. मी हे कंदिलाच्या उजेडात समजावून सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे नारळासारखंच की. माडावरून शंभर पाडले तर खळ्यात शंभर आले पाहिजेत. एक कमी भरला तर मी पण कुणाला घरी सोडत नाही." आरसीसीबीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही.

सकाळी वायरमन आला. एकेक दिवा सोडवत मागच्या दारच्या दिव्यापाशी आला, स्क्रू काढले, दिवा भिंतीपासून ओढला, आणि मागून वाटीभर पाणी त्याच्या बाहीत आलं. पाण्यात काळ्या मुंग्या, एक पांढरंफटक अंडं, आणि ज्या पालीचं ते अंडं होतं ती पाल. पाल आमच्याकडे बघत भिंतीवरून वर निघून गेली. दिवा उघडून बघितला तर आत एक थेंब नव्हता. त्याने आपला शब्द पाळला होता. पाणी होतं ते त्याच्या पाठीमागे, टेप गुंडाळलेल्या जोडावर, आणि त्याला बाहेर पडायला कुठेही वाट ठेवलेली नव्हती. वायरमनने त्या बुजवलेल्या फटीकडे बघितलं, मग पेंटरकडे. पेंटर म्हणाला, "खालून काळं दिसत होतं." दोघांमध्ये याहून जास्त बोलणं झालं नाही. मग दिवसभर वायरमन ब्लेडने खालच्या फटी कापत होता आणि पेंटर त्याला ब्लेड पुरवत होता. जोडांवरची टेप काढून बंद डब्या बसवल्या, आणि बाहेरच्या दिव्यांची लाइन वेगळी करून तिला स्वतःचा आरसीसीबी दिला, म्हणजे पुढे पालीचं काही झालं तरी खोबरं सुरक्षित राहील.

त्यावेळी आणखी एक गोष्ट मी अडून करून घेतली. दिवे धातूचे होते, म्हणून प्रत्येकापर्यंत हिरवी वायर, म्हणजे अर्थिंग. वाडीत या हिरव्या वायरीबद्दल फारसा आदर नाही; दिवा दोन वायरींवर लागतो, मग तिसरी कशाला, असा रोकडा विचार. त्यात जांभ्याच्या कातळात अर्थिंगही सहज मिळत नाही. मीठ-कोळसा घालून खड्डा भरायचा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायचं. पावसाळ्यात आम्ही बुडायचे बाकी असतो आणि मे महिन्यात जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. त्यातली एक कळशी अर्थिंगला पाजायची म्हटलं की बायका कशा बघतील याची मला कल्पना आहे. पण काकूंनी तो खड्डा अबोलीच्या आळ्याला लागून घेतला. अबोलीला पाणी रोज मिळतंच.

यथावकाश आठही दिवे लागले आणि वाडी बघायला जमली. उजेड पिवळा, ३००० केल्विनचा. केल्विन जितके कमी तितका उजेड उबदार, असा त्या खात्याचा उलटा कारभार आहे. आमच्या वाडीचं मत ६५०० केल्विनचं, म्हणजे निळसर पांढरं. पिवळा उजेड म्हणजे व्होल्टेज नाही, हे ज्यांनी उभं आयुष्य बघितलंय त्यांना उबदार वगैरे सांगून उपयोग नसतो. आप्पा म्हणाले, "नवीन आहेत ना? मग इतके मंद कसे? वायर लांब पडली असेल." दुसऱ्याने कंपनीकडून बदलून घ्यायचा सल्ला दिला. खरं सांगायचं तर या एका बाबतीत डोंबिवली बरोबर होती, जरी कारण तिला माहीत नव्हतं. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी. किडे दिव्याभोवती का फिरतात यावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी वेगवान कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. किडा उजेडाकडे धावत नसतो, असं त्यात दिसलं. उडताना उजेडाकडे पाठ करायची ही त्याची उपजत खोड. आभाळ वर असतं तेव्हा तीच त्याला सरळ ठेवते. दिवा बाजूला आला की तो त्याच्याकडे पाठ वळवत वळवत गोल गोल फिरत बसतो. भिंतीवरच्या पालीने हा निबंध वाचलेला नाही, पण तिची बैठक त्याच निष्कर्षावर आधारलेली असते. आमच्या दर्शनी दिव्याखाली पहिल्याच रात्री एक पाल येऊन बसली. बहुधा ओळखीचीच.

शेवटचा भाग म्हणजे दिवे लावणार कोण. चुलतबंधूंनी मोबाइलवरून चालणारा स्विच पाठवला होता. त्याला वायफाय लागतं. वायफायला फायबर लागतं. आणि ते फायबर आमच्या वाडीत खांबावरून आप्पांच्या फणसाच्या फांदीवर, तिथून काकूंच्या माडावर आणि माडावरून घरात असं येतं. एवढ्या खटाटोपाने लपवलेल्या वायरींना हुकूम देणारी वायर अशी राजरोस झाडाझाडांवरून लोंबत येते, त्यावर मात्र कुणी हरकत घेतली नाही. कोयनेचं पोफळीचं वीजघर आमच्याच जिल्ह्यात. वीज इथे तयार होते, लांबलांबच्या शहरांना जाते, आणि तिथून डोंबिवलीचा हुकूम होऊन परत आमच्या ओट्यावर येते. चुलतबंधू ऑफिसातून लोकलमध्ये चढले की सहज करमणूक म्हणून दिवे लावून बघत. काकू खळ्यात वाल निवडत असत, आणि भर चार वाजता आठ दिवे लागत. एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "तिकडून दिवे लावता येतात, तर तिकडून विहिरीचं पाणी पण भरता येईल का रे?" त्यानंतर त्यांनी बाहेरच्या लाइनचं बटण बोर्डातूनच खाली पाडून ठेवलं. डोंबिवलीच्या पडद्यावर दिवे चालू दिसत, खळ्यात अंधार असे, आणि दोन्हीकडे समाधान.

मग तडजोड म्हणून सेन्सर बसवला. अंधार पडला की लागायचं, उजाडलं की बंद. वायरमनने जागा शोधली ती दर्शनी दिव्याच्या बरोबर वर, पागोळीखाली, कारण तिथे भोक आधीच होतं आणि दुसरं भोक मारायची कुणाचीच हिंमत नव्हती. संध्याकाळी अंधार पडला, सेन्सरने दिवा लावला. वरच्या बाजूचा उजेडाचा त्रिकोण सेन्सरच्या डोळ्यावर पडला. सेन्सरला वाटलं सकाळ झाली. त्याने दिवा बंद केला. परत रात्र झाली. त्याने दिवा लावला. आठही दिवे एका लयीत उघडझाप करायला लागले. आम्ही शिडी शोधत होतो तेवढ्यात कुंपणाबाहेर माणसं जमली. "यंदा डेकोरेशन लवकर सुरू केलंत," कुणीतरी म्हणालं. वाडीला ते दिवे पहिल्यांदाच आवडले होते. वायरमन शिडीवर चढून सेन्सरचं तोंड आभाळाकडे फिरवत होता, आणि खालून पोरं "राहू दे, राहू दे" म्हणून ओरडत होती. तोंड फिरवल्यावर रात्रीचं नीट जमलं. आता दुपारी काळे ढग आले की तेवढे दिवे लागतात.

गणपतीच्या आदल्या दिवशी चुलतबंधू आले. कोकण रेल्वेत रात्र उभ्याने काढून आलेला माणूस आधी चहा मागतो. यांनी आधी भिंत बघितली. मोबाइलचा टॉर्च लावून प्रत्येक दिव्याच्या वर, खाली, बाजूला बघितलं. वायर दिसली नाही. कुठेच दिसली नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, वायरमनला शंभराची नोट दिली, खळ्यात उभं राहून हवा तसा फोटो काढला, आणि तो डोंबिवलीला, म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर, पाठवला.

मग त्यांनी बॅग उघडली. लोहार चाळीतून आणलेल्या रंगीत माळा. लाल, हिरव्या, निळ्या, पाण्यासारख्या वाहणाऱ्या, आठ तऱ्हांनी लुकलुकणाऱ्या. पागोळीला सगळीकडून सोडायच्या, दोन दर्शनी भिंतीवर आडव्यातिडव्या, एक तुळशीला. प्रत्येकीला एक दोन पायांची पिन. ती घेऊन चुलतबंधू ओटाभर फिरले, खांबामागे बघितलं, दाराच्या बाजूला बघितलं, आणि विचारलं, "बाहेर प्लग कुठेय?"

कुणी काही बोललं नाही. वायरमनने छताकडे बघितलं.

"बरं, मग खिडकीतून आण," चुलतबंधू म्हणाले. "चार खिळे मार आणि सरळ भिंतीवरून ने. वायर दिसली तर दिसली रे, गणपतीचं आहे."

पेंटर तिथे नव्हता हे बरं झालं. वायरमनने खिडकी अर्धवट उघडी ठेवून आतून बोर्ड बाहेर काढला. तोवर काकू आतल्या खोलीतून आल्या होत्या. खिडकीच्या फटीत कोंबायला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची सुरळी त्यांनी सकाळीच करून ठेवली होती.